अमेरिकेतल्या ज्युनिअर कॉलेजचा फुटबॉल कोच: यात करिअर आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा कॅलिफोर्नियातच वाढला, हायस्कूलला फुटबॉल खेळला, आता किनेसिऑलॉजीच्या (शरीराची हालचाल आणि व्यायाम यांच्या शास्त्राच्या) पदवीचं शेवटचं वर्ष आहे आणि ज्युनिअर कॉलेजमध्ये फुटबॉल कोच व्हायचं म्हणतो. आई-वडिलांना विचारायचंय की यात पोट भरतं का, पुढे जाता येतं का, आणि असा कोच यशस्वी झाला असं नेमकं कधी म्हणायचं.

मी मूळची सांगलीची. गेली 17 वर्षं कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात खेळाडूंची काउन्सेलर आहे. कुणी कुठले विषय घ्यायचे, किती युनिट (म्हणजे क्रेडिट) पूर्ण झाले, कोण खेळायला पात्र आणि कोण नाही, हे बघणं माझं काम. मैदानावर मी कधी शिट्टी वाजवलेली नाही, पण माझी खोली फुटबॉलच्या ऑफिसला लागून आहे आणि या काळात तीन हेड कोच अगदी जवळून पाहिले. जे सांगते ते तिथून दिसलेलं आहे.

आधी शब्दांचा घोळ सोडवते, कारण गावाकडे फोनवर सांगताना तुमचीही पंचाईत होत असेल. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. इथे ती बारावीनंतरची पहिली दोन वर्षं असतात. 1901 साली इलिनॉयमध्ये जोलिएटला पहिलं असं कॉलेज निघालं. आता बहुतेक ठिकाणी त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात, खेळाच्या जगात मात्र 'जुको' हाच शब्द चालतो. आणि फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि पॅड घालून खेळतात तो, लांबट चेंडूचा.

या दोन वर्षांत जुकोत कोण येतं, हे समजलं की कोचचं काम आपोआप समजतं. हायस्कूलला मार्क कमी पडले म्हणून मोठ्या विद्यापीठात थेट खेळता न येणारा मुलगा येतो. त्याला आम्ही 'नॉन-क्वॉलिफायर' म्हणतो. अठराव्या वर्षी अंगानं बारीक राहिलेला, कुणाच्या नजरेत न भरलेला मुलगा येतो. मोठ्या विद्यापीठात जाऊन काही ना काही बिनसल्यामुळे परत आलेला 'बाउन्सबॅक' येतो. यातल्या प्रत्येकाला इथून लवकरात लवकर निघून जायचं असतं. कोचचं कामच त्यांना घालवण्याचं आहे. दोन वर्षं घाम गाळून संघ बांधायचा, आणि जो मुलगा सगळ्यात तयार झाला त्यालाच डिसेंबरात निरोप द्यायचा. ज्याला हे मनापासून आवडत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, असं मी तरुण असिस्टंट कोचना पहिल्याच आठवड्यात सांगते.

एक प्रसंग सांगते, म्हणजे काम कसलं असतं ते कळेल.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सव्वाशे किलोचा एक ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत प्रतिस्पर्ध्याला अडवणारा खेळाडू, होता. परराज्यातल्या एका विद्यापीठाची पूर्ण शिष्यवृत्तीची ऑफर हातात होती. अट एकच, डिसेंबरअखेर ए.ए. ही कम्युनिटी कॉलेजची पदवी पूर्ण हवी. तो नॉन-क्वॉलिफायर होता, आणि अशा मुलाला डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या सर्वांत वरच्या गटात, जायचं तर दोन वर्षांची पदवी, 2.5 चा जीपीए (चारपैकी ग्रेडची सरासरी) आणि त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान यांचे ठरावीक क्रेडिट लागतात. बाकी सगळं जमलं होतं, विज्ञान राहिलं होतं. बायॉलॉजीचा विषय त्याने आधी दोनदा घेऊन दोनदा सोडला होता. आळशी म्हणावं तर तसा तो अजिबात नव्हता. रात्रपाळीला एका गोदामात माल चढवायचा, पाळी सहाला सुटायची आणि लॅब आठला. मधल्या दोन तासांत बसमध्ये झोप लागली की संपलं.

ऑगस्टमध्ये आम्ही तिघं बसलो, तो, हेड कोच आणि मी. कोचने टेबलावर डावपेचांची कसली प्लेबुक काढली नाही, मुलाचा एज्युकेशन प्लॅन काढला आणि लॅबच्या त्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "तुझा सीझन इथे आहे." त्या सेमिस्टरला दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कोचचा त्याला फोन जायचा. पावणेआठला विज्ञान विभागाच्या कॉरिडॉरमध्ये, लॅबच्या दाराशेजारी जमिनीवरच भिंतीला टेकून कोच बसलेला असायचा. मांडीवर लॅपटॉप, त्यावर पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्याची फिल्म चालू. मुलगा आला की मान वर करायचा, "गुड मॉर्निंग" म्हणायचा, मुलगा आत गेला की उठून आपल्या आठच्या वर्गाला जायचा. एकदा मुलगा पावणेनऊला आला. कोच तिथेच होता. एका शब्दाने रागावला नाही, स्वतः उठून दार उघडलं.

त्या सीझनला आमचा संघ अर्ध्याहून जास्त सामने हरला. मुलाला बायॉलॉजीत 'बी' ग्रेड मिळाला आणि जानेवारीत तो विमानात बसला. त्या वर्षाबद्दल लोक कोचला विचारतात तेव्हा तो त्या बी बद्दलच बोलतो, आणि मला ते पूर्ण पटतं.

कागदाचं काम किती बारीक असतं ते सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना हे माहीतच नसतं. कॅलिफोर्नियात खेळायचं तर सीझनभर किमान 12 युनिटला नाव हवं आणि त्यातले 9 त्याच्या शैक्षणिक आराखड्यात बसणारे हवेत. दुसऱ्या सीझनआधी 24 युनिट पूर्ण आणि 2.0 जीपीए हवा. इथपर्यंत आमच्या राज्याचा नियम झाला. विद्यापीठात जाताना वेगळी चाळणी लागते. तिथे व्यायामाच्या तासांचे दोनच क्रेडिट धरतात, त्यामुळे ज्याने वेटलिफ्टिंगच्या चार-चार वर्गांवर जीपीए फुगवून ठेवलाय त्याचा फुगा फुटतो. शिवाय पूर्णवेळ प्रवेश घेतल्या दिवसापासून पाच वर्षांचं घड्याळ चालू होतं. म्हणून चांगला कोच कधीकधी नव्या मुलाला सांगतो, या सेमिस्टरला 12 पेक्षा कमी युनिट घे, खेळू नकोस, अंग बनव. याला 'ग्रेशर्ट' म्हणतात. आईबापांना वाटतं मुलाला डावललं. प्रत्यक्षात कोचने त्याचं एक वर्ष वाचवलेलं असतं. हा हिशेब कोचच्या डोक्यात पक्का नसेल तर त्याचे डावपेच कितीही सुंदर असोत, मुलं वाया जातात. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची मार्कलिस्ट, न वाचता मुलांना "काळजी करू नको, होईल" म्हणणारा एक असिस्टंट मी पाहिलाय. त्याच्या भरवशावर राहिलेल्या दोन मुलांना ऑफर असून जाता आलं नाही. ते मी अजून विसरलेले नाही.

दुसरी गोष्ट कोचच्या शब्दाची. डिसेंबर-जानेवारीत विद्यापीठांचे रिक्रूटर येतात, एका दिवसात तीन-तीन कॉलेजं करतात. फिल्म त्यांनी आधीच पाहिलेली असते. आमच्या ऑफिसात बसून ते कोचला जे विचारतात ते फिल्ममध्ये नसतं: हा वेळेवर उठतो का, पडत्या सामन्यात कसा वागतो, घरचं काय आहे. इथे कोचने एका मुलासाठी खोटं सांगितलं तर तो मुलगा लागेल, पण पुढच्या वर्षी तो रिक्रूटर दुसऱ्या कॉलेजात जाईल आणि त्याची किंमत पुढची दहा मुलं मोजतील. सर्वांत मानाचे जुको कोच रिक्रूटरला सरळ सांगतात, "हा तुमच्याकडे टिकणार नाही, त्याला लहान ठिकाणी जाऊ द्या."

याचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण कोचच्या बाजूने कुणी बघत नाही. 2002 साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्युट कॉलेजात ॲरन रॉजर्स नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू टाकून खेळ चालवणारा खेळाडू, होता. हायस्कूलमधून त्याला कुठलंही मोठं विद्यापीठ शिष्यवृत्ती द्यायला तयार नव्हतं. ब्युटचे कोच क्रेग रिग्सबी त्याच्या घरी जाऊन बसले. मुलगा दोन वर्षं अडकून पडेल ही आईची धास्ती होती, तिला त्यांनी सांगितलं की तो एका वर्षात जाऊ शकतो. त्याच सीझनला बर्कली विद्यापीठाचे कोच जेफ टेडफर्ड ब्युटचा एक टाइट एंड (चेंडू झेलणारा खेळाडू) बघायला आले आणि त्यांची नजर त्याला चेंडू टाकणाऱ्या मुलावर खिळली. रॉजर्स एकच सीझन खेळून बर्कलीला गेला, 2005 मध्ये ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं. एका सीझनमध्ये संघ 10-1 (दहा विजय, एक हार) असा नेणारा क्वार्टरबॅक दुसऱ्या वर्षी हवाहवासा वाटणारच. रिग्सबींनी आईला दिलेला शब्द पाळला.

आता करिअर कसं घडतं ते. ढोबळमानाने दोन वाटा आहेत. काही जण जुकोतून वर जातात. जॉन मॅडन सांता मरियाच्या ॲलन हँकॉक कॉलेजात हेड कोच होते, डिक व्हर्मील 1964 मध्ये नापाच्या जुकोत, डॉन कोरिएल 1955 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाची व्हॅलीत. तिघेही आज व्यावसायिक फुटबॉलच्या मानाच्या यादीत, प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, आहेत. तरुण असिस्टंटच्या भिंतीवर ही नावं असतात आणि असू द्यावीत. पण मला जास्त ओढ वाटते ती राहिलेल्यांची. फुलर्टन कॉलेजचे हॅल शेरबेक 1961 ते 1991 एकाच जागी राहिले आणि त्यांनी 241 सामने जिंकले.

आणि ओकलंडच्या लेनी कॉलेजचे जॉन बीम. ते आधी ओकलंडच्याच स्कायलाइन हायस्कूलला कोच होते. 2004 मध्ये लेनीला आले ते असिस्टंट म्हणून, रनिंग बॅक्सचे कोच. हायस्कूलमध्ये इतकं नाव झालेला माणूस कॉलेजात खालच्या जागेवर रुजू झाला आणि हेड कोच व्हायला आठ वर्षं थांबला, 2012 पर्यंत. 2018 मध्ये राज्याचं विजेतेपद मिळालं. लेनीला वसतिगृह नाही. मुलं बसने, बार्ट या लोकल रेल्वेने येतात, काही जण कुणाच्या तरी सोफ्यावर झोपून येतात. अशा कॉलेजातून सी. जे. अँडरसन बर्कलीला गेला आणि पुढे डेन्व्हर ब्रॉन्कोज या व्यावसायिक संघाकडून सुपर बोल जिंकला. नाहशोन आणि रेजझोन हे राइट बंधू दोघेही लेनीतून ऑरेगन स्टेटला आणि तिथून एनएफएल या व्यावसायिक लीगला पोहोचले. 2024 मध्ये बीम यांनी कोचिंग सोडलं, पण ॲथलेटिक डायरेक्टर (खेळ विभागाचे प्रमुख) म्हणून काम चालूच ठेवलं. 13 नोव्हेंबर 2025 रोजी कॉलेजातच त्यांच्यावर गोळी झाडली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. वय 66. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कुणाला धड काम सुचत नव्हतं. त्यांच्या जुन्या मुलांनी जे लिहिलं, बोलले, त्यात सामन्यांचे आकडे फारसे नव्हतेच. घरी कुणी विचारत नव्हतं तेव्हा त्यांनी विचारपूस केली, हेच पुन्हा पुन्हा येत होतं. यशस्वी कोच कुणाला म्हणायचं या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

राज्याराज्यांत फरक खूप आहे, तो मुलाने समजून घ्यावा. कॅलिफोर्नियात खेळाची शिष्यवृत्ती देता येत नाही. परगावच्या मुलाने स्वतःहून संपर्क केल्याशिवाय त्याच्याशी बोलताही येत नाही, आसपासच्या ठरलेल्या भागातूनच रिक्रूट करायचं. जुकोच्या खेळांची राष्ट्रीय संघटना एनजेसीएए, जिची स्थापना 1938 मध्ये आमच्याच फ्रेस्नोत झाली, तिच्यात आता कॅलिफोर्नियाची कॉलेजं नाहीत. कॅन्सास आणि मिसिसिपीत चित्र वेगळं आहे. तिथे वसतिगृहं आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, गावात दुसरं काही नसल्याने सामन्याच्या दिवशी सगळं गाव मैदानावर असतं. मिसिसिपीतल्या स्कूबा या जेमतेम काहीशे वस्तीच्या गावात बडी स्टीव्हन्स यांनी ईस्ट मिसिसिपी कम्युनिटी कॉलेजला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली: 2011, 2013, 2014, 2017, 2018. कॅन्सासच्या बटलर कॉलेजला ट्रॉय मॉरेल यांनी 2003, 2007 आणि 2008 मध्ये. ही मोठी कामगिरी आहे. पण तिथला कोच जिंकण्यावर टिकतो. इथला हेड कोच बहुधा पूर्णवेळ प्राध्यापक असतो, चार वर्षांच्या परिविक्षेनंतर टेन्युअर, म्हणजे कायम नोकरी, मिळते, आणि एखादा सीझन वाईट गेला म्हणून घर बदलावं लागत नाही. तुमच्या घराला पगाराची आणि स्थैर्याची काळजी असेल तर कॅलिफोर्नियाची वाट मला बरी वाटते.

मात्र ती पूर्णवेळ जागा सहजी मिळत नाही. किनेसिऑलॉजीचा प्राध्यापक व्हायला मास्टर्स लागते, आणि हेड कोचची जागा बहुतेकदा त्या प्राध्यापकपदाला जोडलेली असते. फक्त पदवी असेल तर असिस्टंट म्हणून मानधनावर काम मिळतं. आमच्याकडचे असिस्टंट दिवसा हायस्कूलला शिकवतात, जिम चालवतात, एक जण अग्निशमन दलात आहे. दुपारी तीनला येतात, रात्री नऊला जातात, घरी जाऊन फिल्म बघतात. अशी पाच-सात वर्षं जातात, क्वचित दहा. या काळात घरच्यांनी भाड्याला हातभार लावला तर मुलगा टिकतो, एवढं मी स्पष्ट सांगते, कारण हुशार मुलं इथेच गळताना पाहिली आहेत.

गेल्या काही वर्षांत काम अवघड झालंय. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं, 2021 पासून विद्यापीठातला खेळाडू एक वर्ष न थांबता दुसरीकडे लगेच खेळू लागला. पूर्वी विद्यापीठाला तयार खेळाडू हवा असेल तर ते जुकोत यायचे. आता पोर्टलमधून दुसऱ्या विद्यापीठाचाच घेतात. आमच्या मुलांच्या ऑफर कमी झाल्या, उशिरा यायला लागल्या. दुसऱ्या बाजूला डिसेंबर 2024 मध्ये डिएगो पाविया या क्वार्टरबॅकने न्यायालयातून आदेश मिळवला की जुकोत घालवलेली वर्षं धरून त्याला अडवू नये. हा मुलगा न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या जुकोकडून 2021 चं राष्ट्रीय विजेतेपद जिंकून पुढे गेला होता. त्यानंतर विद्यापीठांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेने 2025-26 साठी त्याच्यासारख्या जुको खेळाडूंना सवलत दिली. माझ्या खोलीबाहेर त्या जानेवारीत रांग लागली होती, प्रत्येकाला विचारायचं होतं, "माझं घड्याळ पुन्हा चालू होईल का?" नियम असे वर्षावर्षाला हलत असताना मुलांना खोटी आशा न दाखवणं ही कोचची मोठी परीक्षा आहे.

तुमच्या मुलाने काय करावं? पदवी झाली की मास्टर्सला नाव घालावं, ते शक्य तर अशा गावात जिथे जवळ जुको आहे. वसंतातला सराव सुरू होण्याआधी तिथल्या हेड कोचला जाऊन भेटावं आणि काहीही काम मागावं. पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला बहुधा चित्रीकरण येईल, जर्सी धुवायला टाकणं येईल, स्टडी हॉलमध्ये हजेरी घेणं येईल. यातलं तिसरं काम त्याने मागून घ्यावं. संध्याकाळी पन्नास मुलं वह्या उघडून बसतात तेव्हा कोण उपाशी आहे, कुणाला वाचायला जड जातं, कोण फोन खाली ठेवत नाही, हे जितकं कळतं तितकं मैदानावर कळत नाही. मग काउन्सेलरशी ओळख करून घ्यावी, ट्रान्सक्रिप्ट वाचायला शिकावं, ई.ओ.पी.एस. या गरजू विद्यार्थ्यांच्या योजनेतून पुस्तकांचे पैसे कसे मिळतात, कॉलेजची फूड पँट्री (मोफत धान्य-खाणं मिळतं ती खोली) किती वाजता उघडते हे पाठ करावं. डावपेच तो शिकेलच, हायस्कूलला खेळलेला आहे.

आणखी एक. मराठी घरातला मुलगा या क्षेत्रात माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही, त्यामुळे तुम्हाला आजूबाजूला विचारायला कुणी नाही हे मी समजू शकते. पण आपल्या घरांत एक गोष्ट उपजत असते, परीक्षा आणि मार्कलिस्ट यांचा धाक आणि आदर दोन्ही. या कामात तिचा फार उपयोग होतो. त्याचं शेवटचं सेमिस्टर कधी संपतंय आणि मास्टर्ससाठी कुठली गावं डोक्यात आहेत ते कळवा. त्या गावांजवळच्या कॉलेजांत काउन्सेलरना मी ओळखते का ते बघून सांगते. मुलाला म्हणावं, पहिल्यांदा जाताना बूट मात्र जुने घालून जा, ऑगस्टच्या सरावात पाण्याचे डबे त्यालाच उचलायचे आहेत.